तुर्भ्याची अणुनगरी आणि शंकेखोरांची परंपरा

घाटकोपरहून निघालेला जोडरस्ता मानखुर्दला संपतो. त्याच्या पुढे अणुशक्तीनगर लागते आणि त्याही पुढे, डोंगर व ठाण्याची खाडी यांच्या मधल्या पट्ट्यात, भाभा अणुसंशोधन केंद्राचे कुंपण सुरू होते. इंग्रजांनी ज्याचे ट्रॉम्बे केले ते हे मूळचे तुर्भे. (खाडीपलीकडे नवी मुंबईत याच नावाचे दुसरे ठिकाण असल्याने नवख्या माणसाची हमखास फसगत होते.) भारताच्या १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांचे धागेदोरे या कुंपणाच्या आत पोहोचतात, हे सर्वज्ञात आहे. त्या चाचण्यांविषयी, त्यामागील महासत्तांच्या राजकारणाविषयी आणि बॉम्बला चिकटवल्या गेलेल्या धार्मिक लेबलांविषयी सर्वांत टोकदार शंका घेणारी माणसेही बहुतांशी याच महानगरात वावरली, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. शंकेखोर हा शब्द मराठीत काहीसा हिणवणारा आहे. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांचा हिशेब मांडला, तर या मंडळींच्या बऱ्याच शंका वायफळ नव्हत्या असेच दिसते.

शांततेची भट्टी

अणुऊर्जा आयोगाची स्थापना १० ऑगस्ट १९४८ ची. तुर्भ्याच्या संस्थेचे काम १९५४ मध्ये सुरू झाले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही आशियातील पहिली मानली जाणारी अणुभट्टी येथे कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनने दिले होते. त्यानंतरची भट्टी कॅनडाची. जड पाणी अमेरिकेने पुरवले, म्हणून कॅनडा, इंडिया आणि यूएस या तिन्ही नावांची जोडणी करून तिला 'सायरस' म्हटले गेले. १० जुलै १९६० रोजी ती सुरू झाली.

ही उदारता कशातून आली, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी डिसेंबर १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे 'शांततेसाठी अणू' ही कल्पना मांडली. शीतयुद्ध ऐन भरात होते. स्वतःचे बॉम्ब वाढवत असतानाच नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना आपल्या तंत्रज्ञानाच्या दावणीला बांधून घेणे, हा त्या औदार्याचा दुसरा अर्थ होता. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे आले आणि भारताने ही संधी पुरेपूर साधली. दाता चतुर होता, तसा घेणाराही. 'केवळ शांततामय उपयोगासाठी' ही अट दोन्ही बाजूंनी मान्य केली. त्या शब्दांची व्याख्या मात्र कोणी केली नाही.

सायरसच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना तुर्भ्यातच १९६४ मध्ये उभा राहिला. १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला, त्यातील प्लुटोनियम सायरसचे होते. सरकारने त्याला 'शांततामय अणुस्फोट' म्हटले. त्या चाचणीचे एक शिल्पकार डॉ. राजा रामण्णा यांनी १९९७ मध्ये तो बॉम्बच होता असे जाहीरपणे सांगून टाकले, तेव्हा मधल्या २३ वर्षांतील अधिकृत शब्दच्छलावर पडदा पडला.

मग महासत्तांना नीतिमत्तेची आठवण झाली. कॅनडाने सहकार्य थांबवले. आण्विक पुरवठादारांचा गट उभा राहिला. तारापूरच्या अमेरिकी बनावटीच्या प्रकल्पाला इंधन देण्याचा करार असतानाही अमेरिकेने १९७८ च्या कायद्यावर बोट ठेवून हात आखडता घेतला. १९८२ मध्ये फ्रान्स पुढे आला, १९९५ मध्ये चीनने आणि २००१ मध्ये रशियाने इंधन दिले. ज्या चीनच्या भीतीने भारतात बॉम्बची चर्चा सुरू झाली, त्याच चीनच्या युरेनियमवर काही काळ मुंबई-गुजरातचे दिवे लागले, हे वाचून आज हसू येईल. महासत्तांच्या तत्त्वांना व्यापाराची जोड कशी असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आपल्या घराजवळ सापडणे कठीण.

बॉम्बची किंमत

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला. आठ दिवसांतच, २४ ऑक्टोबरला, डॉ. भाभा यांनी आकाशवाणीवरून भाषण केले. त्यात त्यांनी निःशस्त्रीकरणाची गरज मांडली हे खरे, पण लोकांच्या लक्षात राहिले ते आकडे. दहा किलोटनांच्या स्फोटाला सुमारे साडेसतरा लाख रुपये, दोन मेगाटनांच्या स्फोटाला ३० लाख, आणि ५० अणुबॉम्बांचा साठा १० कोटींच्या आत. हे आकडे अमेरिकेत खोदकामासारख्या शांततामय स्फोटांसाठी मांडलेल्या दरांवर आधारलेले होते. भट्टी, कारखाना, शास्त्रज्ञांच्या पिढ्या, विमाने, रडार, क्षेपणास्त्रे आणि पहारा यांची किंमत त्यात नव्हती. एखाद्या सूनबाईने घर, चूल आणि गिरणी सोडून केवळ पिठाच्या भावावर भाकरीची किंमत सांगावी, तसा तो हिशेब होता. तरीही संसदेत आणि वृत्तपत्रांत बॉम्बवादी गटाने तोच उचलून धरला.

हा हिशेब खोडून काढण्याचे काम दुसऱ्या कुणी नव्हे, तर भाभांच्या वारसानेच केले. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधील विमान अपघातात भाभा गेले आणि त्याच वर्षी डॉ. विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. एका सुट्या बॉम्बच्या किमतीला काही अर्थ नाही, तो बाळगायचा तर संपूर्ण संरक्षणव्यवस्था आणि उद्योग उभा करावा लागतो आणि देशाची सुरक्षितता केवळ बाहेरून धोक्यात येते असे नाही, अशी त्यांची भूमिका होती. तुर्भ्यातील अनेक वरिष्ठांना ती रुचली नाही. आयोगाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेला माणूसच बॉम्बविषयी साशंक आहे, असा तो विलक्षण काळ होता. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचे अकाली निधन झाले. अडीच वर्षांत पोखरण झाले.

साराभाईंच्याही आधीचा शंकेखोर म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यातील कोसबे गावी १९०७ मध्ये जन्मलेला हा गणिती भाभांच्याच निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला. पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज मुंबईला येणारा आणि वाटेत संस्कृत सुभाषिते व प्राचीन नाण्यांचा अभ्यास करणारा प्राध्यापक म्हणून त्याच्या कथा सांगितल्या जातात. जागतिक शांतता चळवळीत कोसंबी सक्रिय होते आणि अणुऊर्जेविषयी त्यांचे मत स्पष्ट होते. भारतासारख्या देशात सूर्य फुकट तळपतो. तेव्हा महागड्या, केंद्रीभूत आणि परावलंबी अणुभट्ट्यांऐवजी खेड्यापाड्यांत विखुरता येईल अशी सौरऊर्जा शोधावी. १९६० च्या सुमारास हे बोलणे म्हणजे संस्थेच्या मालकाच्या घरात त्याच्याच देव्हाऱ्याकडे पाठ फिरवण्यासारखे होते. १९६२ मध्ये त्यांच्या नेमणुकीला मुदतवाढ मिळाली नाही.

येथे कोसंबींच्या चाहत्यांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या काळी सौरविजेचा खर्च अणुविजेहून कितीतरी अधिक होता आणि त्यांचा पर्याय व्यवहारात उतरण्यासारखा नव्हता. सौरपट्ट्या स्वस्त झाल्या त्या २०१० नंतर. शंका बरोबर, पण उत्तराला अर्धशतक लागले. विरोधाच्या बाजूने असलेल्या माणसाचे प्रत्येक म्हणणे लगेच खरे ठरते, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

सहार विमानतळावरील प्रबंध

शंका घेणाऱ्यांच्या वाटेतला मोठा अडथळा म्हणजे गोपनीयता. १९४८ च्या आणि नंतर १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने या क्षेत्रातील माहितीवर असे कुलूप लावले, की खर्च किती, अपघात किती, यश किती, हे विचारण्याची सोय संसदेलाही मर्यादितच उरली. या कुलपाचा फटका कसा बसतो ते कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांच्या प्रकरणात दिसले. नौदलातील या अभियंत्याने पवईच्या आयआयटीतून पीएच. डी. केली होती. आण्विक पाणबुडीच्या प्रकल्पाशी त्यांचा संबंध आला आणि तुर्भ्यात तयार होणाऱ्या आराखड्यांवर त्यांनी कठोर तांत्रिक टीका केली. ३० मे १९८८ रोजी अमेरिकेला निघाले असताना अंधेरीच्या सहार विमानतळावर त्यांना अटक झाली. शासकीय गुपिते कायदा आणि अणुऊर्जा कायदा, दोन्ही लावण्यात आले. जप्त झालेल्या 'गुप्त' कागदपत्रांत त्यांचा स्वतःचा पीएच. डी.चा प्रबंधही होता. दीड वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढल्यानंतर ते निर्दोष सुटले, कायदा शिकले आणि वकिली करू लागले. पाणबुडी मात्र २००९ मध्ये पाण्यात उतरली आणि २०१६ मध्ये नौदलात दाखल झाली. सुब्बाराव यांचे सर्वच आक्षेप बरोबर होते काय, हे सामान्य वाचकाला कधीच कळणार नाही, कारण तपासायला कागदच उपलब्ध नाहीत. गोपनीयतेचा खरा तोटा हाच आहे.

याच पवईच्या आयआयटीत काही काळ शिकलेला आणखी एक जण म्हणजे नागपूरचे प्रफुल्ल बिडवई. अभियंता होण्याऐवजी ते पत्रकार झाले आणि अणुकार्यक्रमावर सातत्याने लिहीत राहिले. १९९८ नंतर अचिन विनायक यांच्यासह त्यांनी अण्वस्त्रविरोधी चळवळ उभारली; दोघांना २००० मध्ये शॉन मॅकब्राइड शांतता पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये बिडवई यांचे निधन झाले. त्यांचे लेखन कधी कधी एकसुरी होई, पण आकड्यांशिवाय ते बोलत नसत.

बॉम्बचा धर्म

११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला पुन्हा स्फोट झाले. २८ मे रोजी चगाईत आणि ३० मे रोजी खारानच्या वाळवंटात पाकिस्तानने उत्तर दिले. मुंबईत पेढे वाटले गेले, फटाके वाजले. पोखरणला शक्तिपीठ उभारण्याची भाषा झाली. पलीकडे 'इस्लामी बॉम्ब'चा जयघोष होता. त्या कल्पनेचे बीज झुल्फिकार अली भुट्टो यांच्या तुरुंगातील लेखनात आहे. ख्रिस्ती, ज्यू आणि हिंदू संस्कृतींकडे ही क्षमता आहे, इस्लामी संस्कृतीकडे नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

ही लेबले किती पोकळ आहेत, हे व्यक्तींची नावे घेतली की कळते. तथाकथित हिंदू बॉम्बचा पाया घालणारे भाभा आणि १९७४ च्या चाचणीवेळचे आयोगाचे अध्यक्ष होमी सेठना हे दोघेही पारशी, तर १९९८ च्या चाचण्यांचा सर्वांत लोकप्रिय चेहरा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा. पाकिस्तानच्या विज्ञानाचा पाया रचणारे आणि १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे अब्दुस सलाम हे अहमदी होते. १९७४ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पोखरणचा पहिला स्फोट झाला त्याच वर्षी, पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदींना मुस्लिमेतर ठरवले आणि सलाम यांनी निषेधार्थ सरकारी सल्लागारपद सोडले. इस्लामी बॉम्ब बांधायला निघालेल्या राष्ट्राने आपल्या सर्वश्रेष्ठ शास्त्रज्ञाला मुसलमान मानले नाही.

१९९८ च्या त्याच उन्हाळ्यानंतर मुंबईला आणखी एक आठवण करून देणारा कागद समोर आला. १९९२-९३ च्या दंगलींविषयीचा न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल ६ ऑगस्ट १९९८ रोजी विधिमंडळात मांडण्यात आला. तो हिरोशिमा दिन होता, हा निव्वळ योगायोग. त्या अहवालानुसार दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. जोगेश्वरीची राधाबाई चाळ त्यातलीच. देशाने बाहेरच्या शत्रूला धाक घातल्याचा आनंद साजरा केला त्यानंतर तीन महिन्यांनी, उपनगरांतील शेजाऱ्यांनीच एकमेकांना काय केले याचा हा अधिकृत वृत्तांत आला, आणि सरकारने तो फेटाळल्यात जमा केला.

धार्मिक सलोख्याविषयी शंका घेणे म्हणजे सलोख्याला विरोध करणे नव्हे, हे मराठी वाचकाला हमीद दलवाई यांच्यामुळे ठाऊक आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. एकमेकांच्या सणाला शिरखुर्मा आणि लाडू वाटून ऐक्य होत नाही. दोन्ही समाजांनी आपापल्या परंपरेची चिकित्सा केली तरच काही टिकाऊ होईल, ही त्यांची धारणा. दोन्हीकडून शिव्या खाण्याचे भाग्य त्यांना लाभले.

सांताक्रूझला राहून काम करणारे डॉ. असगर अली इंजिनियर यांनी वेगळ्या बाजूने हाच प्रश्न सोडवला. मुंबई महापालिकेत सुमारे दोन दशके अभियंता म्हणून नोकरी केलेल्या या बोहरा सुधारकाने १९८० मध्ये इस्लामी अध्ययनाची आणि १९९३ मध्ये समाज व धर्मनिरपेक्षता यांच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली. देशभरातील दंगलींच्या जागी जाऊन त्यांनी जे पाहिले, त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा होता की दंगल धर्मग्रंथांतून निघत नाही. ती निवडणूक, जमीन आणि बाजारपेठ यांतून निघते व धर्माचे कपडे घालते. २००४ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यासमवेत त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. १४ मे २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या निष्कर्षाला व्यवहारातला पुरावा मुंबईजवळच मिळाला होता. १९७० आणि १९८४ मध्ये पेटलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या. त्यात भाषणे कमी आणि नळ, गटार, हातगाडी यांच्या भांडणांचा निवाडा अधिक असे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबई पोलिसांनीही तो प्रयोग उचलला.

उपनगरी गाडी आणि दोन राष्ट्रांचे बटण

अणुकोंडी हा शब्द दिल्ली आणि इस्लामाबादचा वाटतो, परंतु त्याची वात मुंबईच्या उपनगरांतून गेली आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ मध्ये दोन्ही सैन्ये दहा महिने सीमेवर समोरासमोर उभी राहिली. ती मागे सरतात न सरतात तोच २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्टेशनाबाहेर बसमध्ये स्फोट झाला. जानेवारी २००३ मध्ये विलेपार्ले, १३ मार्चला मुलुंडच्या गाडीतील महिलांचा डबा, जुलैमध्ये पुन्हा घाटकोपर. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर माहीमपासून बोरिवली-मीरा रोडपर्यंत सात स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी मेले आणि भारत-पाकिस्तान परराष्ट्र सचिवांची ठरलेली बोलणी पुढे ढकलली गेली. कार्यालयातून घरी निघालेल्या चाकरमान्याच्या मृत्यूला दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या संबंधांची किल्ली बनवले गेले. गुन्हा कोणी केला हे चोवीस तासांत ठरले होते; मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी खालच्या न्यायालयात दोषी ठरलेल्या सर्व १२ जणांना निर्दोष सोडले. हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्पष्ट केले. मृतांच्या नातेवाइकांना १९ वर्षांनंतर उत्तर मिळाले नाही ते नाहीच.

बॉम्ब असल्यामुळेच मोठे युद्ध टळते, असा युक्तिवाद शंकेखोरांना नेहमी ऐकवला जातो. १९९९ चे कारगिल, २००८ चा मुंबई हल्ला, २०१९ चे बालाकोट आणि मे २०२५ मधील चार दिवसांची लढाई, यांपैकी काहीही सर्वंकष युद्धात बदलले नाही, हे खरे आहे. पण बॉम्बमुळे हे प्रसंग उद्भवलेच नाहीत असेही झाले नाही, आणि प्रत्येक वेळी मध्यस्थीचे श्रेय घेण्यासाठी वॉशिंग्टन पुढे आले. स्वावलंबनासाठी बनवलेल्या अस्त्राने तिसऱ्याला घरात येण्याची वाट करून दिली. निवृत्त नौदलप्रमुख ॲडमिरल एल. रामदास हे याच मुद्द्यावर वारंवार बोलत. निवृत्तीनंतर अलिबागजवळ स्थायिक होऊन त्यांनी पाकिस्तान-भारत जनमंचाचे काम केले आणि २००४ मध्ये पाकिस्तानचे आय. ए. रेहमान यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नौदलाचा माजी प्रमुख अण्वस्त्रांविरुद्ध बोलतो म्हटल्यावर त्याला भाबडा म्हणणे टीकाकारांना जड गेले. २०२४ मध्ये ते गेले. आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या माहितीपटालाही सेन्सॉरने कात्री सुचवली होती. उच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो न कापता दाखवण्याचा मार्ग मोकळा केला.

खुद्द अणुशास्त्रज्ञांतही एकवाक्यता राहिली नाही. १९९८ च्या औष्णिक-आण्विक चाचणीला अपेक्षित यश मिळाले नाही, असे आयोगाचे माजी अध्यक्ष पी. के. अय्यंगार सुचवत होते. २००९ मध्ये चाचणी पथकातील के. संथानम यांनी ते उघडपणे म्हटले. डॉ. आर. चिदंबरम आणि डॉ. अनिल काकोडकर यांनी ते ठामपणे नाकारले. निर्णय देण्याइतकी माहिती पुन्हा कुंपणाच्या आतच. २००८ च्या अमेरिकेबरोबरच्या कराराला अय्यंगार यांच्यासह काही ज्येष्ठांनी विरोध केला, तो बॉम्बविरोधातून नव्हे तर तुर्भ्याचे स्वातंत्र्य जाईल या भीतीने. त्यासाठीच्या विभाजन आराखड्यात सायरस बंद करण्याचे ठरले आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी ती विझली. 'ध्रुव' मात्र लष्करी यादीत, आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर राहिली.

मुंबईवर बॉम्ब पडला तर काय होईल, याचे गणित एम. व्ही. रमणा या भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडले. हिरोशिमाएवढ्या, १५ किलोटनांच्या एका स्फोटात सुरुवातीच्या काही महिन्यांत सुमारे दीड लाखापासून साडेआठ लाखांपर्यंत माणसे मरतील, असा अंदाज निघाला. आकड्यांतील ही रुंदी लोकवस्तीच्या घनतेमुळे आहे. उपचार करणारी रुग्णालये, अग्निशमन केंद्रे आणि रक्तपेढ्या त्याच परिघात नष्ट होतील, हा त्या अभ्यासाचा अधिक अस्वस्थ करणारा भाग.

या सगळ्यात एक छोटी, कंटाळवाणी वाटणारी तरतूद मात्र टिकून राहिली. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला झाला. १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी त्याच दिवशी दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या, संसद हल्ल्यानंतरच्या आणि २६/११ नंतरच्या जानेवारीतही त्या दिल्या गेल्या. याद्या गुप्त असतात. ७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणाच्या देशव्यापी सरावात महाराष्ट्रातील सर्वाधिक संवेदनशील ठिकाणे म्हणून मुंबई, उरण आणि तारापूर यांची नावे होती. १९७१ नंतर प्रथमच अशा सरावाचे भोंगे ऐकणाऱ्या बहुतेकांना, भोंगा वाजल्यावर जायचे कुठे, हे कोणी सांगितलेले नव्हते.